नटवी

पाळीव प्राण्यांच्या दुकानात तिच्यावर आधी नजर जाते. पारदर्शक पिशवी, आत निळी, गुलाबी, जांभळी वाळू. (निळं वाळवंट कुठे असतं, हे तिला कोणी विचारत नाही.) नाव कॅल्शियम सँड. बोलणं तर इतकं गोड, की पोटात गेली तरी पचेन आणि वर हाडंही मजबूत करीन म्हणते.

बिअर्डेड ड्रॅगन हा दाढीवाला सरडा घरी आणणारा नवखा माणूस तिला भुलतोच. सरडा वाळवंटातला, मग खाली वाळूच हवी! पण त्याचं मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात. तिथे बऱ्याच ठिकाणी पायाखाली उन्हाने भाजून टणक झालेली तांबडी माती असते, आणि हा गडी कुंपणाच्या खांबावर चढून ऊन खात बसतो.

काचपेटीत मात्र त्याची गाठ हिच्याशी. जागा ओळखायची त्याची रीत म्हणजे जमिनीला जीभ लावणं. जाड, चिकट जीभ बाहेर येते, टेकते, आत जाते. नाकतोडा टिपतानाही तेच. दर खेपेला चार कण पोटात. तिथे हिचा मुलामा उतरतो. आत सगळी चुनखडी. जठरातलं आम्ल मारते, ओली झाली की गोळा धरते. पिल्लाच्या आतड्यात तो अडकला की शी थांबते, खाणं सुटतं, कधी पोट उघडावं लागतं.

सगळं खापर तिच्यावर फोडणंही बरं नव्हे. दिव्याखाली ४० अंशांच्या आसपास ऊब नसेल, अतिनील दिवा थकला असेल, अंगात पाणी कमी असेल, तर आतडं मंदावतं आणि साधी मातीही अडते. पण अशा वेळी ही हमखास घात करते. तिची चुलतबहीण, अक्रोडाच्या कवचाचा भुगा, तर धारदार कडांची. तिला उंबरठ्याच्या आत घेऊच नये.

रद्दीचा कागद आणि खरखरीत फरशी दिसायला अगदीच गावंढळ. पण पिल्लाला नि आजाऱ्याला कागदच बरा, शी लगेच दिसते. फरशीवर नखं झिजतात. धडधाकट मोठ्या सरड्याला बिनखताची माती आणि धुतलेली बारीक वाळू, साधारण ६०:४०, भिजवून, दाबून, कडक वाळवून द्यावी. मादी मात्र नर नसतानाही अंडी घालते, आणि तेव्हा फरशीवर पंजे खरवडून हैराण होते. तिला खोल, ओलसर मातीचा डबा लागतो. नटवी तिथेही कुचकामी, कारण कोरड्या वाळूत बीळ टिकत नाही.