शिडाची होडी आणि टेलचं पाणी

रविवारी सकाळी सहा वाजता तुम्ही कुठे असता? मीही तिथेच असायचे, पांघरुणात! शुक्रवारची डेडलाइन, शनिवारचं शॉपिंग, मग रविवार म्हणजे हक्काची झोप. पण गेले दोन सीझन रविवारी सहाला मी कुलाब्याच्या बाजूला ओहोटीच्या चिखलात उभी असते. हातात रबरी हातमोजे, सोबत गोणी. आणि हे सगळं कशासाठी, तर म्हणे सेलिंग शिकायला!

आधी थोडी ओळख. गाव तीर्थपुरी, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. ऑफिसात कुणी ‘नेटिव्ह कुठलं?’ विचारलं की मी ‘औरंगाबादजवळ’ म्हणून मोकळी होते (आता छत्रपती संभाजीनगर, पण जिभेची सवय जात नाही). समर्थ रामदासांचं जांब आमच्याच तालुक्यातलं, हे सांगितलं की मात्र लोकांच्या डोळ्यांत ओळख दिसते. पोहायला मी विहिरीत शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. आमच्याकडे पाणी म्हणजे ‘पाळी’. पैठणच्या जायकवाडी धरणातून निघालेला 208 किलोमीटरचा डावा कालवा आमच्या भागातून जातो. त्याच्या चारीला पाणी कधी सुटणार आणि आपल्या बांधापर्यंत पोचणार का, यावर घरातली निम्मी भांडणं! आमचं शेत चारीच्या अगदी शेवटाला, म्हणजे ‘टेल’ला. वरच्यांचं भिजून उरलं तर आमचं.

अशा घरातली मुलगी शिडाच्या होडीत बसायला पैसे भरते म्हटल्यावर आण्णा फोनवर काय म्हणाले असतील? “पाण्यात खेळायला पैशे मोजायलीस व्हय?” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

टीममधल्या एकीने ओढून नेलं होतं. यॉट क्लब म्हटलं की गोरे साहेब आणि पांढऱ्या पँटी डोळ्यांपुढे येतात. रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर 1846 पासूनचा. पण आमचा क्लब म्हणजे चार-सहा छोट्या होड्या, एक शेड आणि एक खडूस सर. पावसाळाभर सगळं बंद. ऑक्टोबरात सीझन सुरू झाला आणि पहिल्या दिवशी सरांनी हातात शिडाचा दोर द्यायचा सोडून गोणी दिली. डोकंच फिरलं! फी भरून कचरा वेचायचा? गोणीत काय नव्हतं... एका पायाच्या चपला, गुटख्याच्या पुड्या, 2018 पासून राज्यात बंदी असलेल्या थर्माकोलच्या ताटल्या.

त्यामागचं कारण तिसऱ्या रविवारी पाण्यातच कळलं. मस्त वारा, शीड टम्म फुगलेलं, पलीकडे घारापुरीच्या लाँची चाललेल्या. आणि आमची होडी एकदम सुस्त! सुकाणू जड लागायला लागलं. सरांनी होडीच्या पोटाखाली सोडलेली फळी वर ओढली, तर तिला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, आत झेंडूचं निर्माल्य. इंजिनवाला जोर लावून पुढे निघून जातो. वाऱ्यावर चालणाऱ्याला एक पिशवीसुद्धा थांबवते.

म्हणूनच असेल, समुद्राच्या कचऱ्याबद्दल आधी ओरडले ते बऱ्याचदा शीडवाले. इयान किरनन हा ऑस्ट्रेलियन बिल्डर 1986-87 च्या एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरला. अटलांटिकमधल्या सारगॅसो समुद्रात त्याला लाटांवर कचराच कचरा दिसला. घरी परतल्यावर 1989 च्या जानेवारीत त्याने सिडनी बंदर साफ करायची हाक दिली, तर 40 हजार माणसं आली! आपल्या ‘तारिणी’वरून 2017-18 मध्ये नौदलाच्या सहाजणी गोव्यातून निघून पृथ्वीला वळसा घालून आल्या, तेव्हा सागरी प्रदूषणाच्या नोंदी घेणं हाही त्या मोहिमेचा भाग होता. आणि वर्सोवा? तिथे 2015 साली अफरोज शाह या वकिलाने शेजारच्या आजोबांना घेऊन वेचायला सुरुवात केली. 2018 मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे चालत गेली.

हे सगळं वाचून मी जरा हवेत होते. एका सकाळी जाळं सोडवत बसलेल्या कोळी मावशींनी जमिनीवर आणलं. “तुमचा रविवार गं बाय. आमचं रोजचंच हाय.” जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्याच जास्त होत्या. मी गप्प बसून चार पिशव्या सोडवल्या. बाकीच्या त्यांनी.

मग 2025 ची दिवाळी. सप्टेंबरात मराठवाड्यात न भूतो असा पाऊस झालेला, जायकवाडीतून गोदावरीत तीन लाख क्युसेकच्या पुढे पाणी सोडलेलं. आत्याचं गाव गोदाकाठी, तिला भेटायला गेले. शेतातली मातीच वाहून गेली होती. आणि काठच्या बाभळींवर, माझ्या डोक्याच्याही वर, चिंध्यांसारख्या पिशव्या लटकत होत्या! पूर कुठवर आला होता ते मोजायला वेगळी खूण नकोच. गंमत बघा, त्र्यंबकेश्वरला गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम 80 किलोमीटरवर उगम पावते, पण जाते पार बंगालच्या उपसागरात. म्हणजे मी वेचते तो कचरा एका समुद्राचा आणि आमच्या घरचा दुसऱ्याच!

तीर्थपुरीला परतल्यावर आण्णांसोबत चारीवर गेले. बेशरमाची झुडपं, गाळ, खताच्या रिकाम्या गोण्या, पुड्या. टेलला पाणी का येत नाही याचं अर्धं उत्तर तिथेच पडलेलं. (चारीची देखभाल पाणीवापर संस्थांनी करायची, असा 2005 चा कायदा आहे. कायद्याबरोबर फावडं येत नाही.) भाऊबीज झाली तसं चुलत भावंडांना हाताशी धरलं. दोन दिवस, सहाजण, मुंबईहून आणलेले हातमोजे. पहिल्या दिवशी बांधावरून लोकांनी टिंगल केली, “मुंबईवाली आली स्वच्छता करायला!” दुसऱ्या दिवशी वरच्या शेतातला एक काका न बोलता फावडं घेऊन उतरला. आमच्याच्याने साधारण अर्धीच चारी झाली. मग माझी रजा संपली.

रब्बीची पाळी सुटली तेव्हा मी ऑफिसात होते. मीटिंगमध्ये आण्णांचा फोन. बाहेर येऊन घेतला.

“पाणी आलं का?”

“आलं. एक दिवस उशिरा. नळकांड्यात पोतं अडकलं होतं, मीच उतरलो कंबरभर पाण्यात.”

“आण्णा, या वयात?”

“तुझे ते रबरी हातमोजे इथंच इसरून गेलतीस ना, तेच घातले. आणखी दोन जोड पाठीव. काका मागायलेत.”