लॉगबुकात नसलेला रकाना

हिरड्यांच्या शास्त्रात, म्हणजे पेरिओडॉन्टॉलॉजीत एमडीएस करणाऱ्या विद्यार्थ्याचं लॉगबुक उघडलं की त्याची तीन वर्षं आकड्यांत मांडलेली दिसतात. स्केलिंग इतकी, फ्लॅप सर्जरी इतक्या, हाडाचे ग्राफ्ट इतके आणि शेवटी इम्प्लांट इतके. नजर जाते ती या शेवटच्या आकड्यावर. एमडीएसच्या नऊ शाखांमध्ये इम्प्लांटची वेगळी शाखा नाही. पेरिओ, प्रोस्थो आणि ओरल सर्जरी या विभागांत ते शिक्षण वाटलेलं आहे. त्यामुळे कोणाच्या हातून किती बसले, ही चर्चा प्रत्येक विभागात असते. बसवलेल्या इम्प्लांटभोवतीची हिरडी दोन वर्षांनी कशी आहे, याचा रकाना मात्र सहसा नसतो. माझ्या मते पेरिओच्या शिक्षणाची खरी कसोटी त्या नसलेल्या रकान्यात आहे. इम्प्लांट बसवायला इतरही शिकतात. तो टिकवण्याची विद्या हिरडीच्या डॉक्टराकडे आहे, आणि नेमकी तीच आपण मोजत नाही.

1965 हे साल या दोन्ही विद्यांच्या इतिहासात महत्त्वाचं आहे. त्या वर्षी स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे पहिले इम्प्लांट बसवले. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवतं, हे त्यांच्या ध्यानात बरंच आधी, सशाच्या पायाच्या हाडावर काम करताना आलं होतं. त्या पहिल्या पेशंटचे इम्प्लांट 2006 साली त्याचा मृत्यू होईपर्यंत कामात होते. त्याच 1965 मध्ये, शेजारच्या डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला, हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणं बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि ब्रश पुन्हा सुरू केल्यावर पूर्ववत झाल्या. पुढे 1994 साली हाच प्रयोग तोंडात दात आणि इम्प्लांट दोन्ही असलेल्या पेशंटांवर झाला. तीन आठवड्यांत दोन्हींभोवतीची हिरडी सारखीच सुजली. टायटॅनियम किडत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीची हिरडी माणसाचीच असते.

हिरडी तीच असली तरी तिची पकड वेगळी असते. दाताच्या मुळावरून निघणारे तंतू आडवे जाऊन हिरडीत आणि हाडात रुजलेले असतात. मूळ आणि हाड यांच्यामधला हा अस्थिबंध पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, पण दाताला तोलून धरणारा. इम्प्लांटला तो नसतो. हिरडीचे तंतू त्याच्या कडेने समांतर जातात, त्यात रुजत नाहीत. म्हणून एकदा सूज खाली उतरू लागली की तिला अडवायला फारसं काही राहत नाही आणि हाड झिजत जातं. दुखत बहुधा नाही, त्यामुळे पेशंटला पत्ता नसतो. 2017 च्या जागतिक कार्यशाळेत हिरड्यांच्या रोगांचं नवं वर्गीकरण ठरलं, तेव्हा इम्प्लांटभोवतीच्या रोगांना त्यात प्रथमच जागा मिळाली. हाड झिजतंय हे ओळखायला पहिल्या वर्षाचा एक्स-रे आणि प्रोबचं, म्हणजे हिरडीची खोली मोजणाऱ्या बारीक सळईचं, माप हाताशी हवं, हेही तिथे स्पष्ट झालं. म्हणजे सुरुवातीची नोंद नसेल तर रोगाचं निदानच डळमळतं.

आता हाताच्या कौशल्याकडे येऊ. ड्रिलिंगला नियम आहेत आणि ते नेमके आहेत. हाडाचं तापमान 47 अंशांवर मिनिटभर राहिलं तर हाड मरतं, म्हणून ड्रिलवर सलाइनची धार सतत हवी. खालच्या जबड्यातल्या नसेपासून दोन मिलिमीटर दूर राहायचं, शेजारच्या दातापासून दीड. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, नीट वाचून आणि ड्रिलचा क्रम पाळून सांभाळून काम करणारा विद्यार्थी हे शिकतो. प्रोबचं तसं नाही. विल्यम्स प्रोबवर चार आणि सहाच्या खुणा मुद्दाम गाळलेल्या असतात, घाईत वाचताना चूक होऊ नये म्हणून. त्याचं बोथट टोक वीस-पंचवीस ग्रॅमच्या दाबाने हिरडीच्या कडेखाली सरकवायचं, दाताच्या कडेकडेने चालवत न्यायचं आणि बाहेर काढल्यावर थोडं थांबायचं. थांबणं महत्त्वाचं, कारण रक्ताचा बारीक ठिपका काही सेकंदांनी उमटतो. दाब जास्त झाला तर निरोगी हिरडीतूनही रक्त येतं. कमी पडला तर रोग लपून राहतो. मुळावर क्युरेट फिरवतानाही तेच. किटणावर पातं खरखरतं आणि साफ मुळावर सरळ सरकतं. हा फरक बोटांना कळायला शेकडो दात हाताखालून जावे लागतात. पहिल्या वर्षाचं हे काम विद्यार्थ्यांना कंटाळवाणं वाटतं. पण पुढे इम्प्लांट राखणार आहेत ती हीच बोटं.

यावर पहिला आक्षेप विद्यार्थ्यांचाच असेल. मुळात केस कमी मिळतात, शनिवार-रविवारचे कोर्स पैसे भरून करावे लागतात, आणि तुम्ही पुन्हा स्केलिंग सांगता? त्यांची तक्रार खरी आहे. संख्या हवीच, हात बसायला दुसरा उपाय नाही. माझं म्हणणं संख्या कमी करा असं नाही, क्रम बदला असं आहे. आज इम्प्लांट बहुतेक तिसऱ्या वर्षी बसतो. हाड धरायला तीन-चार महिने, मग कॅप, मग परीक्षा. इम्प्लांटला वर्ष व्हायच्या आत विद्यार्थी कॉलेज सोडून गेलेला असतो आणि आपल्या कामाचं पुढे काय झालं हे त्याला कधीच कळत नाही. त्याऐवजी पहिल्या वर्षी ज्याच्या हिरड्या बऱ्या केल्या, त्याच पेशंटला दुसऱ्या वर्षी इम्प्लांट बसवावा आणि तिसऱ्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी तपासावा. इम्प्लांट तितकेच होतील, शिक्षण मात्र पुरं होईल.

दुसरा आक्षेप असा, की दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून जास्त इम्प्लांट जबड्यात असतात, मग एवढी काळजी कशाला? पण जबड्यात असणं आणि निरोगी असणं यांत फरक आहे. पू येणारा, निम्मं हाड गेलेला इम्प्लांटही त्या आकड्यात जमा धरला जातो. शिवाय पायोरियाने दात गेलेल्या माणसाला हा धोका जास्त, आणि इम्प्लांटसाठी येणाऱ्यांत असे पुष्कळ असतात. तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. सरकारी दंत महाविद्यालयात लांबून, दिवसाची मजुरी बुडवून येणारा माणूस दर तीन महिन्यांनी कसा येणार? कित्येकांना मधुमेह असतो. गावाकडच्या कित्येक बायकांची मिश्री वर्षानुवर्षांची असते, नुसतं ‘सोडा’ म्हटल्याने ती सुटत नाही. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच निवड शिकवायला हवी. ज्याला पुन्हा येणं जमणार नाही, त्याच्यासाठी ब्रिज किंवा चांगली कवळी हा प्रामाणिक सल्ला असू शकतो. हलणारा दातही उपचारांनी अनेक वर्षं काढू शकतो. इम्प्लांट न बसवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेता येणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

म्हणून विभागप्रमुखांना माझी एक विनंती आहे. लॉगबुकाच्या पुढच्या छपाईत इम्प्लांटच्या नोंदीशेजारी तीन रकाने वाढवा: कॅप बसवल्यावरचा एक्स-रे, वर्षानंतरचं प्रोबचं माप, आणि रक्त आलं की नाही. विद्यार्थी बाहेर पडला तर ती वही त्याच्या ज्युनियरच्या हाती द्या आणि परीक्षेत त्या रकान्यांवर प्रश्न विचारा. यंत्र घ्यायचं नाही, निधी मागायचा नाही. फक्त कागदावर तीन रेघा जास्त मारायच्या आहेत.