गार इंजिनाची साक्ष

कूलंट बदलताना किती काढलं आणि किती परत गेलं, हा हिशेब कुणालाही जमतो. छोट्या गाडीतून चार लिटर निघालं आणि भरताना तीन लिटरलाच तोंडापर्यंत आलं, तर उरलेल्या लिटरच्या जागी हवा बसली आहे हे उघड आहे. खरी अडचण त्यापुढची. रेस दिली, वरचा होज दाबदाबून पाहिला, बुडबुडे आले आणि थांबले. पण आता सगळी एअर निघाली, हे कशाच्या जोरावर म्हणायचं? माझं म्हणणं असं, की तापलेल्या इंजिनावर याचा निकाल कधीच लागत नाही. थर्मोस्टॅट उघडून, फॅन लागून, इंजिन पुन्हा पूर्ण गार होईपर्यंत काम अर्धंच झालेलं असतं. आता आतली हवा ओढून कूलंट भरणारं व्हॅक्यूमचं यंत्र गल्लीतल्या गॅरेजातही येऊ लागलं आहे आणि गाडी रात्रभर कशाला ठेवायची, असं हाताखालची पोरं विचारतात. त्यांचा प्रश्न वाजवी आहे, म्हणून उत्तरही नीट मांडायला हवं.

गरम इंजिन खोटी साक्ष देतं, याची कारणं त्याच्या रचनेतच आहेत. तापमानाच्या काट्याचा सेन्सर आणि थर्मोस्टॅटमधलं मेण, दोघांनाही द्रवाची उष्णता कळते. पाण्याच्या तुलनेत हवा विसाव्या हिश्शानेही उष्णता वाहून नेत नाही. त्यामुळे सेन्सरभोवती हवा असेल तर हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्व्हजवळ पाणी उकळत असतानाही काटा निवांत मध्यावर असतो. थर्मोस्टॅट ८२ किंवा ८८ अंशांना उघडायचा, तो हवेत अडकला की उशिरा उघडतो आणि मग काटा एकदम उडी मारतो. पंपाचा पंखा द्रव ढकलतो. हवा आली की तो नुसताच फिरतो. बुडबुडे थांबले हा पुरावाही कच्चा आहे. पद्मिनी-अ‍ॅम्बॅसॅडरचा रेडिएटर उंच आणि उभा असायचा, झाकण जवळपास सगळ्यात वर, त्यामुळे हवेला वाट सापडायची. बॉनेट खाली आलं तसा रेडिएटरही खाली गेला. आता बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डमागची हीटरची जाळी आणि तिच्या होजचं वळण झाकणाहून वर असतं. आपल्याकडे हीटर लावतो कोण? म्हणून भरताना त्याची कळ लालपर्यंत न्यायचं राहून जातं, आणि हीटरच्या पाण्याला वॉल्व्ह असलेल्या गाडीत ती फांदी बंदच राहते. मग पावसाळ्यात ताम्हिणी घाटात काचेवर वाफ धरते, चालवणारा हीटर लावतो आणि तिथली हवा भर चढावर कूलंटच्या फेऱ्यात येते.

गार इंजिन मात्र लपवत नाही. कॅप साधारण ०.९ बार दाब धरते; त्या दाबाखाली आतला बुडबुडा जवळपास निम्म्यावर आकसतो. शिवाय पाच लिटर कूलंट तापून दोनेकशे मिली फुगतं. म्हणजे गरमपणी बाटलीतली पातळी फुगलेली आणि हवा दबलेली, दोन्हीकडून फसवणूक. गार होताना वाफेचं पाणी होतं, द्रव आकसतो, दाब सुटतो आणि पातळी खरी तिथे येऊन थांबते. ताज्या द्रवात विरघळलेली थोडी हवाही पहिल्या तापण्यातच सुटते, त्यामुळे निर्दोष भरलेल्या गाडीलाही दुसऱ्यांदा पाहावं लागतं. रेडिएटरलाच कॅप आणि बाजूला साधी बाटली असेल, तर तापताना हवा कॅपखालून बाटलीत जाते आणि गार होताना कॅपचा छोटा वॉल्व्ह बाटलीतलं कूलंट आत ओढतो. म्हणजे गार होणं ही नुसती तपासणी नाही, एअर काढण्याचं निम्मं काम तेव्हाच होतं.

यावर पहिला आक्षेप यंत्राचा. यंत्र चांगलं आहे. त्याच्या घड्याळाचा काटा स्थिर राहिला की कुठे गळती नाही हेही भरण्याआधीच कळतं. पण ८० टक्के व्हॅक्यूम म्हणजे २० टक्के हवा आतच आहे. कूलंट ओढलं जाऊन दाब बाहेरच्याइतका झाला, की चार लिटरच्या पोकळीत ती पाऊण लिटरच्या वर जागा धरते. होज चपटे होतात तेवढी थोडी कमी. दुसरा आक्षेप, नव्या गाड्या आपली एअर आपणच काढतात. काढतात खऱ्या. उंचावरच्या दाबाच्या टाकीत बारीक होजमधून हवा सतत परत येत असते. पण त्यासाठी आधी फेरा चालू व्हावा लागतो, आणि तो झाला की नाही हे पुन्हा त्या टाकीची गार पातळीच सांगते. तिसरा आक्षेप गिऱ्हाइकाचा: संध्याकाळी गाडी हवी. द्यावी, पण सकाळी किल्ली फिरवण्याआधी पातळी पाहायला सांगून. उलट रात्रीचा एक फायदा व्हॅक्यूमचं यंत्र देत नाही. हेड गॅस्केट गेलं असेल तरी गरमपणी तसेच बुडबुडे येतात. सकाळी गार इंजिनाचा वरचा होज मऊ लागला आणि पातळी उतरली, तर बहुधा एअर होती. होज गारपणीही ताठ असेल, तर संशय गॅस्केटवर घ्यावा.

या कटकटीला कंटाळून काही जण थर्मोस्टॅटच काढून टाकतात. एअर झटकन निघते, काटा खाली राहतो, गिऱ्हाईक खूश. पुढे इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइल पातळ होतं. पण तोवर बिल चुकतं झालेलं असतं. हवा जावी म्हणून बऱ्याच थर्मोस्टॅटच्या कडेला कंपनीने बारीक भोक आणि त्यात हलती पिन दिलेली असते. ती बाजू वर ठेवून बसवली तरी निम्मा त्रास वाचतो. एवढं न करता भाग फेकून देणं याला मी कारागिरी म्हणत नाही.

माझ्या मताला थोडा स्वार्थही चिकटला आहे. होज दाबून, डॅशमागची खळखळ ऐकून ‘अजून आहे’ असं सांगण्यात मिरवणं आहे, आणि चार जण बघत असले की मी होज गरजेपेक्षा जास्त वेळा दाबतो. यंत्राचं घड्याळ मला खुपतं ते चुकीचं आहे म्हणून नव्हे, तर ते माझे प्रेक्षक पळवतं म्हणून. पण गार पातळीही तेच करते. सकाळी बाटलीवरच्या रेघेपाशी कूलंट आहे की खाली, हे कालच लागलेल्या पोरालाही माझ्याइतकंच दिसतं. कसोटी म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवतो तो याच कारणासाठी, जरी ती मला फारशी आवडत नाही.