चढावरची दैनंदिनी : इंजिन ओरडू द्या

सोमवार, बेकर (कॅलिफोर्निया)

गावात 134 फूट उंचीचा तापमापक उभा आहे. शेजारच्या डेथ व्हॅलीत 1913 साली नोंदलेल्या 134 अंश फॅरनहाइटची ती खूण. इथून लास वेगासकडे निघालेला महामार्ग वीसेक मैलांत तीन हजार फुटांहून जास्त चढतो. या चढावर आरव्हीचं ट्रान्समिशन तापलं की दोष उन्हाला जातो. ऊन भर घालतं हे खरं, पण मूळ उष्णता आतच तयार होते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाच्या बाजूचं चक्र ऑइल ढकलतं आणि त्या ऑइलच्या जोरावर गिअरच्या बाजूचं चक्र फिरतं. दोघांच्या वेगात फरक पडला की वाया गेलेली ताकद ऑइल तापवते. लॉक-अप क्लच बसला की हा फरक मिटतो. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून जड गाडी रेटली, तर लॉक-अप सुटतो आणि ऑइल घुसळलं जातं. म्हणून चढ लागण्याआधीच जड ओझ्यासाठीचा टो-हॉल मोड लावून गिअर खाली आणावा. यावर नेहमीचा आक्षेप असा, की चार हजार फेऱ्यांवर ओरडणारं इंजिन बिघडेल. पेट्रोल इंजिनं तेवढ्या फेऱ्यांसाठीच बनवलेली असतात. शिवाय वाढलेल्या फेऱ्यांबरोबर पाण्याचा पंपही जोरात फिरतो. पेट्रोल थोडं जास्त जळेल, ते मान्य. पण ट्रान्समिशन उतरवून दुरुस्त करण्यापुढे तो खर्च किरकोळ.

मंगळवार, सलायना (यूटा)

पुढे ग्रीन रिव्हरपर्यंत शंभराहून जास्त मैल पेट्रोल पंप नाही. ऑइल तपासायची जागा हीच. ते तपकिरी आणि करपट वासाचं झालं असेल तर बदलावं. जास्तीचा कूलर बसवला की चालवण्याची पद्धत बदलायला नको, असं अनेकांना वाटतं. कूलर जरूर बसवावा. पण तो तयार झालेली उष्णता बाहेर टाकतो, ती तयार होणं थांबवत नाही.

बुधवार, सिल्व्हरथॉर्न (कोलोरॅडो)

सुमारे 9,000 फुटांवरून आठएक मैलांत आयझेनहॉवर बोगद्याच्या 11,158 फुटांवर जायचं, तेही कुठेकुठे सात टक्के चढाने. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे बोगद्यापाशी जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला. विरळ हवा कूलरलाही कमीच गार करते. ‘सावकाश चाललो की झालं’ हा सल्ला इथे अपुरा पडतो. वेग उतरवायचा तो गिअर उतरवून. वरच्याच गिअरमध्ये रखडत गेलं, तर ऑइल आणखी तापतं. बहुतेक ट्रान्समिशनचं ऑइल 175 ते 200 अंश फॅरनहाइटला सुखात असतं. त्यापुढे दर वीस अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा मेकॅनिक मंडळींचा ठोकताळा आहे. संगणक सगळं सांभाळतो म्हणावं, तर पुढचा चढ त्याला दिसत नाही, चालकाला दिसतो. त्यातूनही तापमानाचा काटा चढत राहिला तर एसी बंद करून सुरक्षित जागी थांबावं, पण इंजिन लगेच बंद करू नये. ते बंद झालं की ऑइलचा पंपही थांबतो. हँडब्रेक घट्ट लावून, चाकांना अटकण देऊन, न्यूट्रलमध्ये इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर ठेवावं. पार्कमध्ये का नको? क्रायस्लरच्या काही जुन्या ट्रान्समिशनमध्ये पार्क लावल्यावर कन्व्हर्टरमधून ऑइल फिरतच नाही.