आजीचं थर्मल

शिक्षक मित्रांनो, सातवीला पेशीचा पाठ घेताना मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र. उदाहरण परळीच्या थर्मलचं. आपल्या परभणीकडच्या पोरांना ते लगेच कळतं, लोडशेडिंग सगळ्यांनी भोगलंय. यंदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, आजी लवकर दमती, मंग तिचं थर्मल बंद पडलं का?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही. माझ्या आईला शुगर आहे, आणि त्याच आठवड्यात भावाने मोबाईलवर एक जाहिरात पाठवली होती. 'मॉट्स-सी'चं इंजेक्शन म्हणे वय मागे नेतं. "ताई, आईसाठी मागवू का?"

मग वाचायला बसले. तंतुकणिकेला स्वतःचा छोटासा डीएनए असतो, ३७ जनुकांचा, आणि तो आईकडून येतो. (आडनाव बापाचं, ही शिदोरी आईची. मुलींना हे जरूर सांगा.) त्यातली १३ जनुकंच प्रथिनं बनवतात, असं धरलं जायचं. पण २००१ मध्ये जपानी संशोधकांना अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतल्या शाबूत भागातून 'ह्युमॅनिन' सापडलं. २४ अमिनो आम्लांची छोटी साखळी, म्हणजे पेप्टाइड. प्रयोगशाळेत ते चेतापेशींना मरण्यापासून वाचवत होतं. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉट्स-सी सापडलं, ते तर १६ अमिनो आम्लांचंच. म्हणजे हे थर्मल नुसती वीज देत नाही, चिठ्ठ्याही धाडतं, की स्नायूंनो, साखर वापरा. इतकी वर्षं मी अर्धंच शिकवत होते.

चरबीचा खुराक दिलेल्या उंदरांना मॉट्स-सी टोचलं तर ते लठ्ठ झाले नाहीत. म्हातारे उंदीर जास्त पळाले. पण ते उंदीर! माणसासाठी औषध म्हणून त्याला मान्यता नाही, आणि ऑनलाइन आलेल्या बाटलीत काय भरलंय ते कोण तपासणार? भावाला नको म्हणाले. तो दोन दिवस बोलला नाही.

२०२१ च्या एका प्रयोगात मात्र तरुणांनी सायकल मारल्यावर त्यांच्याच स्नायूंत मॉट्स-सी सुमारे १२ पट वाढलेलं दिसलं. ते तरुण होते, आईचं वय साठीच्या पुढे, त्यामुळे तिला मी आकडा सांगितला नाही. उभा जन्म तिने कापूस वेचला, गुडघे धरल्यापासून बसूनच असते. आता डॉक्टरांना विचारून, गोळ्या चालू ठेवून, संध्याकाळी मारुतीच्या पारापर्यंत जाते. येताना थांबत थांबत येते.

त्या मुलीला म्हटलं, बंद नाही पडलं गं, वयानं चिठ्ठ्या कमी झाल्या असतील. ती म्हणाली, "मंग तिला रोज शाळेपर्यंत आणू का?"