नूरी

किनवट तालुका त्या काळी निजामी अमलाखालील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि वडील तेथे गिरदावर असताना एका वृद्ध गोंड गृहस्थाकडून त्यांनी जी कोंबडी रोख मोल मोजून घेतली, ती असील जातीची होती. रयतेची भेट वडिलांना वर्ज्य होती. त्या वृद्धाने मात्र मोल घेतानाही, कन्येची पाठवणी करणाऱ्या पित्याप्रमाणे, तिच्या पाठीवरून पुनःपुन्हा हात फिरवला. असिलांच्या रंगभेदांत सोनेरी तांबड्याला पीला, काळ्याला कागर, तांबड्या-काळ्याला याकूब आणि शुभ्राला नूरी म्हणतात, त्यामुळे निराळे बारसे करण्याचे कारणच पडले नाही.

लांब मान, ताठ चण, अंगाला घट्ट बसलेली तुरळक पिसे, शिरावर इवलासा तुरा आणि गळ्याखालच्या लाल पाळ्या जवळजवळ नाहीतच, अशी ती प्रथमदर्शनी करारी, किंबहुना उग्र भासे. परंतु मी ओसरीवर पाढे घोकू लागलो की मांडीवर येऊन डोळे मिटणारा तिच्याइतका सौम्य जीव त्या घरात दुसरा नव्हता, आणि धाकटी बहीण तिला काखोटीला मारून अंगणभर हिंडवी तेव्हाही तिने कधी चोच उगारली नाही. 'असील' हा अरबी शब्द, अर्थ कुलीन. कचेरीत नकलेहून निराळा ओळखला जाणारा आपला 'अस्सल' दस्तऐवज त्याच गोत्रातला. ज्या कुळातील नरांना माणसाने पैजेखातर पिढ्यान्‌पिढ्या रक्तबंबाळ होईपर्यंत झुंजविले, त्या कुळाने माणसाशी इतके निर्वैर राहावे, याचे मला अजून नवल वाटते. १९६० च्या कायद्याने तशा झुंजी लावणे गुन्हा ठरले, याचे समाधानही तितकेच मनःपूर्वक आहे.

अंड्यांच्या जमाखर्चात ती तोट्याचीच. थोडी अंडी झाली न झाली तोच ती खुडूक होई. पण रवणीला बसावे तर तिनेच, अशी तिची ख्याती असल्यामुळे शेजारणी आपापल्या कोंबड्यांची अंडी पदराआड आणून तिच्याखाली ठेवीत, आणि ती एकवीस दिवस, दिवसातून एकदा घाईने चार दाणे टिपण्यापुरती उठून, परक्यांची संतती पोटच्या उबेने वाढवी.

अशाच एका रवणीची पिल्ले आठवड्याची झाली असताना, भरदुपारी कुंपणातून मुंगूस आत शिरले. इतर कोंबड्या कलकलाट करीत पांगल्या. नूरी मात्र पिल्ले पाठीशी घालून, पाय रोवून, आवाज न करता उभी राहिली, आणि तिच्या रक्तातले झुंजारपण मी पाहिले ते त्या एकाच दिवशी. आई काठी घेऊन धावेपर्यंत मुंगूस पळाले होते. पिल्लू एकही गेले नव्हते. नूरीचा डावा डोळा गेला होता.

आईने हळद भरली. नूरीने मान हलवली नाही. जखम भरून आल्यावर ती पूर्ववत माझ्या मांडीवर येऊ लागली, पण आता बसताना ती एकदा स्वतःभोवती फिरून घेई, कारण उजवा डोळा माझ्याकडे आल्याखेरीज ती तो मिटीत नसे.