बेलापुरात घर घेताना
बेलापूर स्टेशनाबाहेर पडलं की कोकण भवन, सिडको भवन, रिझर्व्ह बँक अशा कचेऱ्याच कचेऱ्या. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसरीकडे खाडी. इथे फ्लॅट म्हणजे मान. अम्मींना बाल्कनी पाहताच घर पसंत पडलं. अब्बांनी मात्र आधी कागद मागितले.

त्यांचं बरोबरच होतं. नवी मुंबईत सिडकोने जमिनी मुळात 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या. इमारत जुनी, तर पट्ट्याची बरीच वर्षं सरलेली. म्हणून दराआधी विचारा: पट्टा कधीचा? आधीची हस्तांतरणं सिडकोत नोंदली आहेत का? सोसायटीची थकबाकी नाही ना?

घर आपण मुलांसाठी घेतो. त्यांच्या वाट्याला पट्ट्याची किती वर्षं येतील, हा हिशोब बयाणा देण्याआधीच व्हावा.